एलएसयू टायगर्सचा २०१९ चा हंगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलची चर्चा निघाली की लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजेच एलएसयूच्या २०१९ च्या संघाचे नाव हमखास येते. या खेळाची फारशी ओळख नसलेल्या मराठी वाचकांना त्या हंगामाबद्दल जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

या हंगामात नेमके काय घडले?

३१ ऑगस्ट २०१९ ते १३ जानेवारी २०२० या काळात एलएसयूचा संघ पंधरा सामने खेळला आणि पंधराही जिंकला. साखळीतले बारा सामने, आपल्या विभागाचा, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा अंतिम सामना, राष्ट्रीय उपांत्य सामना आणि राष्ट्रीय अंतिम सामना असा तो प्रवास होता. संघाने एकूण ७२६ गुण केले. फ्लोरिडा स्टेटने २०१३ मध्ये केलेल्या ७२३ गुणांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. १९५८, २००३ आणि २००७ नंतरचे हे विद्यापीठाचे चौथे राष्ट्रीय विजेतेपद होते.

हे आकडे समजण्यासाठी खेळाची किती माहिती हवी?

थोडीच पुरते. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक, पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार संधी, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला किंवा तेथे झेलला की टचडाउन होतो आणि सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारून एक किंवा पुन्हा त्या पट्ट्यात नेऊन दोन जादा गुण घेता येतात. टचडाउन जमत नसेल तर लांबून चेंडू खांबांमधून मारून तीन गुण मिळवण्याची सोय असते. पुढे जाण्याचे मार्ग दोनच, चेंडू घेऊन धावणे किंवा तो फेकून झेलणे. फेकणारा आणि डावाची सूत्रे हाती असणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. धावण्यात धोका कमी आणि कमाईही कमी असते, तर फेकण्यात दोन्ही जास्त. एलएसयूच्या या हंगामाची सगळी गोष्ट याच दोहोंच्या तोलाभोवती फिरते.

हंगामापूर्वी या संघाकडून काय अपेक्षा होत्या?

बऱ्यापैकी अपेक्षा होत्या, पण विजेतेपदाच्या नव्हत्या. असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व क्रमवारीत संघ सहावा होता. आदल्या वर्षी त्याने तेरापैकी दहा सामने जिंकले होते. तरीही एलएसयूचे चाहते वर्षानुवर्षे एकच तक्रार करत आले होते. बचाव देशात अव्वल, खेळाडू एकाहून एक सरस, आक्रमण मात्र जुन्या वळणाचे. धावणाऱ्याच्या हाती चेंडू द्यायचा, समोरच्या भिंतीवर धडका मारायच्या आणि सामना कमी गुणांत जिंकायचा, ही तिथली रीत होती. साधारण संघांपुढे ती चालून जाई, अलाबामा विद्यापीठापुढे मात्र चालत नसे. जानेवारी २०१२ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापासून एलएसयू अलाबामाकडून सलग आठ वेळा हरले होते आणि २०१८ च्या सामन्यात तर त्यांना एकही गुण करता आला नव्हता.

मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांच्याबद्दलही लोक साशंक होते. लुइझियानाच्या दक्षिणेकडील लरोझ या लहानशा गावचा हा माणूस, घोगऱ्या आवाजाचा, बोलण्यात लुइझियानातील फ्रेंच वंशाच्या केजन लोकांची खास ढब असलेला. मिसिसिपी विद्यापीठात प्रमुखपदी असताना त्यांनी पस्तीसपैकी फक्त दहा सामने जिंकले होते. एलएसयूत २०१६ च्या हंगामात मुख्य प्रशिक्षकाला दूर केल्यावर त्यांना आधी हंगामी आणि मग कायम पद मिळाले. २०१७ मध्ये ट्रॉयसारख्या लहान विद्यापीठाने त्यांच्या संघाला घरच्या मैदानावर हरवले, तेव्हा गावच्या माणसाला भावनेपोटी मोठे पद दिले गेले, असे उघडपणे बोलले जात होते.

मग एका वर्षात बदलले काय?

बदलली ती आक्रमणाची पद्धत, आणि ती बदलू देण्याचे श्रेय ऑर्जेरॉन यांनाच द्यावे लागेल. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातील जो ब्रेडी या तरुण साहाय्यकाला बोलावून घेतले. ब्रेडी तेव्हा तिशीचाही नव्हता. आक्रमणाचे प्रमुख स्टीव्ह एन्समिंगर साठीचे होते आणि स्वतः एलएसयूचे माजी क्वार्टरबॅक होते. आपल्या निम्म्या वयाच्या माणसाबरोबर एका टेबलाशी बसून डाव आखणे त्यांनी मान्य केले. हे वाटते तितके सोपे नसते, कारण या खेळातील प्रशिक्षक आपली डावांची वही जिवापाड जपतात.

नवी पद्धत थोडक्यात अशी होती. पाच खेळाडू झेलासाठी मैदानभर पसरवायचे, म्हणजे बचाव करणाऱ्यांनाही पसरावेच लागते आणि मधली गर्दी विरळ होते. चेंडू हाती येण्याआधीच क्वार्टरबॅकने समोरची मांडणी वाचायची आणि कुठला सहकारी मोकळा सुटेल हे ताडायचे. काही डावांत तर चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की फेकायचा, हे एका ठरावीक बचावपटूची पहिली हालचाल पाहून ऐन क्षणी ठरते. तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून फेकायचा आणि मागे हटला तर धावणाऱ्याच्या पोटाशी ठेवायचा. बचावपटूने काहीही केले तरी तो चुकतो, ही यातली मेख आहे. २०१८ मध्ये सामन्यामागे सुमारे ३२ गुण करणारा संघ पुढच्या वर्षी सामन्यामागे ४८ गुण करू लागला, आणि तेही जवळपास त्याच खेळाडूंना घेऊन.

जो बरो हा खेळाडू कोण होता?

ओहायो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील ॲथेन्स परगण्यात वाढलेला, फुटबॉल प्रशिक्षकाचा मुलगा आणि या संघाचा क्वार्टरबॅक. आधी तो ओहायो स्टेट या बलाढ्य विद्यापीठात होता. तिथे तीन वर्षांत त्याने पदवी पूर्ण केली, पण मैदानात पहिल्या पसंतीचे स्थान काही मिळाले नाही. पदवी हाती असलेल्या खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येते, या नियमाचा आधार घेऊन २०१८ च्या उन्हाळ्यात तो एलएसयूत आला. पहिल्या वर्षी त्याने टचडाउनचे १६ पास फेकले. कामगिरी ठीक होती, एवढेच म्हणता येईल.

दुसऱ्या वर्षी त्याने ६० फेकले. एकूण ५,६७१ यार्ड, शंभरातले ७६ पास अचूक आणि पूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास फक्त सहा. साठ टचडाउन पासांचा विक्रम पुढे २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ पास फेकून मोडला. मात्र साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या कठीण विभागात केलेल्या साठांची किंमत निराळी आहे, असे आमचे मत आहे.

हा संघ खरोखर वेगळा आहे हे पहिल्यांदा केव्हा कळले?

७ सप्टेंबरला, ऑस्टिन येथे टेक्सासविरुद्ध. सामन्याची अडीच मिनिटे उरली होती, एलएसयू ३७–३१ असे पुढे होते, तिसरी संधी होती आणि कापायचे अंतर सतरा यार्ड होते. जुन्या एलएसयूने अशा वेळी काय केले असते, हे कोणीही सांगितले असते. चेंडू धावणाऱ्याकडे द्यायचा, घड्याळ पुढे सरकू द्यायचे, मग लांब लाथ मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा आणि बचावावर भरवसा ठेवायचा. त्याऐवजी पास ठरला. टेक्सासने बरोवर माणसे सोडली. तो त्यांच्यातून दोन पावले पुढे सरकला आणि त्याने मधोमध धावणाऱ्या जस्टिन जेफरसनकडे चेंडू टाकला. जेफरसन ६१ यार्डांवर थेट शेवटच्या पट्ट्यात जाऊन थांबला. टेक्सासने आणखी एक टचडाउन केला, तरी सामना ४५–३८ असा एलएसयूकडे गेला. बरोने त्या संध्याकाळी ४७१ यार्ड फेकले. प्रशिक्षकांनी वृत्ती बदलली असल्याचा याहून स्वच्छ पुरावा हंगामभरात दुसरा नाही.

सर्वांत कमी फरकाने जिंकलेला सामना कोणता?

२६ ऑक्टोबरचा ऑबर्नविरुद्धचा, २३–२०. ऑबर्नने पुढच्या फळीत तीनच माणसे ठेवून मागे झेल अडवणाऱ्यांची दाटी केली आणि लांबचे पास बंद पाडले. हंगामात एलएसयूला तिसापेक्षा कमी गुणांवर रोखणारा हा एकमेव संघ ठरला.

अलाबामाविरुद्धच्या सामन्याला इतके महत्त्व का दिले जाते?

आठ पराभवांचा हिशेब वर सांगितलाच आहे. ९ नोव्हेंबरला टस्कलूसा येथे दोन्ही संघ अपराजित होते, असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत एलएसयू पहिले आणि अलाबामा दुसरे होते, आणि राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प प्रेक्षकांत होते. अलाबामाचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी मैदानात उतरला होता.

सामन्याचे पारडे कसे फिरले, ते मध्यंतरापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात पाहावे. २६ सेकंद उरले असताना एलएसयूच्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने एका यार्डावरून धावून टचडाउन केला. आता अलाबामा विश्रांतीला जाईल असे वाटत असताना त्यांनी पास टाकला. तो एलएसयूच्या पॅट्रिक क्वीनने मधेच पकडला. सहा सेकंद शिल्लक असताना बरोने पुन्हा एडवर्ड्स-हेलेअरकडेच चेंडू टाकला आणि आणखी एक टचडाउन झाला. मध्यंतराला फलक ३३–१३ दाखवत होता, आणि टस्कलूसातील प्रेक्षकांना घरच्या मैदानावर असे दृश्य पाहायची सवय नव्हती.

अलाबामा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला त्यांनी अंतर ३३–२७ वर आणले. त्यानंतर प्रत्येक वेळी अलाबामाने टचडाउन करायचा आणि एलएसयूने लगेच उत्तर द्यायचे, असा खेळ चालला. या उत्तरांमध्ये सर्वांत मोठा वाटा एडवर्ड्स-हेलेअरचा होता. एलएसयू ज्या शहरात आहे त्या बॅटन रूजचाच हा मुलगा, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. पण मांड्यांत एवढे बळ की पहिल्या धडकेत तो क्वचितच पडत असे. त्या दिवशी त्याने धावून तीन आणि झेलून एक असे चार टचडाउन केले. अखेरचा फलक ४६–४१ असा होता. सामना संपल्यावर सहकाऱ्यांनी बरोला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले.

बरोच्या आकड्यांत हा धावपटू झाकला जातो, हा त्याच्यावरचा अन्याय आहे. हंगामात तो १,४१४ यार्ड धावला आणि त्याने ५५ झेलही घेतले. मधल्या पट्ट्यात त्याची धास्ती नसती, तर कडेचे झेलकरी इतके मोकळे सुटलेच नसते.

या संघाचा बचाव कमकुवत होता, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. बचावाचे प्रमुख डेव्ह अरँडा हे देशातले सर्वाधिक वेतन घेणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकांपैकी एक होते, आणि तरीही व्हँडरबिल्टने या बचावाविरुद्ध ३८, तर मिसिसिपी विद्यापीठाने ३७ गुण केले. मिसिसिपीचा क्वार्टरबॅक जॉन रीस प्लमली एकटा २१२ यार्ड धावला. आक्रमण झटपट गुण करत असल्याने बचावाला वारंवार मैदानात यावे लागे आणि दुखापतींमुळे त्याची घडी बराच काळ बसली नव्हती. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र चित्र पालटले. टेक्सास ए अँड एमला सात आणि विभागाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला दहाच गुण करता आले. पहिल्याच वर्षात शिकणारा डेरेक स्टिंगली याने हंगामात सहा पास अडवून पकडले आणि ग्रँट डेल्पिटला देशातील सर्वोत्तम मागच्या फळीतील बचावपटूचा जिम थॉर्प पुरस्कार मिळाला.

टेक्सास ए अँड एमविरुद्धचा ५०–७ हा विजय चाहते इतका का मिरवतात?

कारण आदल्या वर्षी याच संघाने त्यांना सात जादा सत्रे चाललेल्या सामन्यात ७४–७२ असे हरवले होते. शिवाय ३० नोव्हेंबरचा हा सामना बरोचा घरच्या मैदानावरचा शेवटचा होता. तो मैदानात आला तेव्हा त्याच्या पाठीवरचे आडनाव लुइझियानातील फ्रेंच वळणाच्या अक्षरयोजनेत लिहिलेले होते. एक लाखाहून अधिक आसनांच्या टायगर स्टेडियममध्ये त्या क्षणी काय गदारोळ झाला असेल, याची कल्पना करता येते. ओहायोच्या मुलाला लुइझियानाने आपला मानले होते आणि त्यानेही ते पाठीवर लिहून मान्य केले होते.

हाइसमन पुरस्काराचे काय झाले?

देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हा पुरस्कार बरोला १४ डिसेंबरला न्यूयॉर्क येथे मिळाला. ८४१ मतदारांनी त्याला पहिली पसंती दिली, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जेलन हर्ट्सपेक्षा त्याला मिळालेले १,८४६ जादा गुण हे त्या पुरस्काराच्या इतिहासातील सर्वांत मोठे अंतर ठरले. १९५९ मध्ये बिली कॅनन यांना मिळाल्यानंतर एलएसयूकडे आलेला हा दुसराच हाइसमन होता.

त्याचे भाषण मात्र पुरस्कारापेक्षा जास्त लक्षात राहिले. आपल्या ॲथेन्स परगण्यात गरिबी फार आहे, शाळेतून उपाशी घरी जाणारी आणि घरीही ताटात फारसे काही नसणारी मुले तिथे आहेत, त्यांच्यासाठी आपण इथे उभे आहोत, असे तो भरल्या गळ्याने म्हणाला. ते ऐकून तिथल्या एका रहिवाशाने इंटरनेटवर मदतीचे आवाहन केले आणि परगण्यातील अन्नवाटप केंद्राकडे काही दिवसांतच लाखो डॉलर जमा झाले.

राष्ट्रीय विजेता कसा ठरत असे?

२०१४ ते २०२३ या काळात एक निवड समिती देशभरातून चार संघ निवडत असे. २०१९ मध्ये एलएसयू पहिले, ओहायो स्टेट दुसरे, क्लेमसन तिसरे आणि ओक्लाहोमा चौथे होते. २०२४ पासून ही संख्या बारा झाली आहे.

उपांत्य सामन्याच्या दिवशी संघावर कोणता प्रसंग ओढवला?

२८ डिसेंबरच्या सकाळी लुइझियानातील लाफायेट येथे एक लहान विमान कोसळले आणि त्यात एन्समिंगर यांच्या सुनेचा मृत्यू झाला. सासऱ्यांचा संघ खेळताना पाहण्यासाठी ती अटलांटाला निघाली होती. बातमी कळूनही एन्समिंगर ठरल्याप्रमाणे स्टेडियममधील प्रशिक्षकांच्या कक्षात बसले आणि त्यांनी डाव सांगितले. त्या सामन्यात बरोने मध्यंतरापूर्वीच टचडाउनचे सात पास फेकले, त्यांतले चार जेफरसनने झेलले. ओक्लाहोमाचा पराभव ६३–२८ असा झाला. आकड्यांच्या दृष्टीने हा हंगामातील सर्वांत देखणा सामना होता, पण त्या कक्षात बसलेल्या माणसाला वगळून त्याविषयी बोलणे योग्य वाटत नाही.

अंतिम सामना कसा झाला?

अंतिम सामना न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, म्हणजे एलएसयूच्या घरापासून सुमारे १३० किलोमीटरवर होता, त्यामुळे स्टेडियम जांभळ्या आणि सोनेरी रंगाने भरून गेले होते. भारतात तेव्हा भोगीची सकाळ उजाडत होती. समोर गतविजेते क्लेमसन होते, सलग २९ सामने जिंकलेले. त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स महाविद्यालयात सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना तोपर्यंत हरला नव्हता.

सुरुवातीला क्लेमसनने चेंडू एलएसयूच्या पट्ट्याजवळ अडकवून ठेवला आणि दुसऱ्या सत्रात १७–७ अशी आघाडी घेतली. हंगामात प्रथमच एलएसयू दहा गुणांनी मागे पडले होते. मग बरोने समोरची मांडणी ओळखली. क्लेमसनचा कडेचा बचावपटू एलएसयूचा झेलकरी जमार चेसला एकट्याने रोखू पाहतो आहे, मागे मदतीला कोणी नाही, हे ध्यानात येताच त्याने चेंडू पुन्हा पुन्हा तिकडेच टाकायला सुरुवात केली. चेसने नऊ झेलांत २२१ यार्ड मिळवले. मध्यंतरापर्यंत एलएसयूने सलग तीन टचडाउन करून २८–१७ अशी आघाडी घेतली. त्याआधी बरोच्या बरगडीवर जबर मार बसला होता, तरी तो उत्तरार्धातही खेळत राहिला. क्लेमसनने अंतर एकदा तीन गुणांवर आणले, मात्र त्यापुढे त्यांना एकही गुण करता आला नाही. अंतिम फलक ४२–२५ असा होता. बरोचे ४६३ यार्ड आणि पास व धाव मिळून सहा टचडाउन.

खेळाडूंना या सगळ्याचे पैसे मिळाले का?

नाही. तेव्हाच्या नियमांनुसार त्यांना शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि किरकोळ खर्चापुरती शिष्यवृत्ती मिळत असे. प्रशिक्षक लाखो डॉलर कमावत होते, दूरचित्रवाणीचे करार त्याहून कितीतरी मोठे होते आणि ज्यांच्या नावाचे सदरे दुकानांतून विकले जाण्याइतकी मागणी होती, त्यांना जाहिरातीतून एक डॉलरही घेता येत नव्हता. आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करण्याची परवानगी खेळाडूंना जुलै २०२१ पासून मिळाली. या संघाला ती दीड वर्ष उशिरा आली.

हा आजवरचा सर्वोत्तम महाविद्यालयीन संघ म्हणता येईल का?

१९९५ चे नेब्रास्का आणि २००१ चे मायामी या दोन संघांची नावे या वादात नेहमी पुढे येतात, आणि बचावाचा विचार केला तर मायामीचे पारडे निःसंशय जड आहे. एलएसयूच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा प्रतिस्पर्ध्यांचा आहे. टेक्सास, फ्लोरिडा, ऑबर्न, अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा आणि क्लेमसन हे सातही संघ सामन्याच्या वेळी देशातल्या पहिल्या दहांत होते. एवढी कठीण वाट चालून अपराजित राहिलेला दुसरा संघ दाखवणे अवघड आहे. आक्रमणापुरते बोलायचे तर आमचा कौल एलएसयूलाच आहे.

पुढच्या वर्षी संघाचे काय झाले?

तो विखुरला. ब्रेडी विजेतेपदानंतर काही दिवसांतच व्यावसायिक संघाकडे गेले आणि अरँडा बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. एप्रिल २०२० मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडूंच्या निवडीत एलएसयूचे १४ खेळाडू घेतले गेले. बरो सर्वांत आधी सिनसिनाटीच्या संघाकडे गेला. बचावपटू क्लेव्हॉन शेसन, जेफरसन, क्वीन आणि एडवर्ड्स-हेलेअर हे चौघेही पहिल्याच फेरीत निवडले गेले. चेसने २०२० चा हंगाम खेळलाच नाही, आणि २०२१ मध्ये सिनसिनाटीनेच त्याला निवडल्याने तो पुन्हा बरोच्या पासांवर झेल घेऊ लागला. इकडे महासाथीच्या वर्षात एलएसयूने पाच सामने जिंकले आणि पाच गमावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये विद्यापीठाने ऑर्जेरॉन यांच्याशी हंगामाअखेर वेगळे होण्याचा करार जाहीर केला, तेव्हा त्या अंतिम सामन्याला जेमतेम एकवीस महिने झाले होते.